मादामचं ‘हिन्नेर’

साखर कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेला एक स्वीडिश इंजिनियर बेटावरच्या सूयाक गावी समुद्राकाठी बिऱ्हाड करून राहिला, तेव्हापासून, म्हणजे १९६१ सालापासून, कुसुमावती त्याच्या घरी स्वयंपाकाला होती. मादामशी, म्हणजे त्याच्या बायकोशी, बोलणं बेटावरच्या क्रेओल बोलीत चाले. पण मादामच्या तोंडात तिच्या स्वीडिशमधला एक शब्द सारखा असे, “हिन्नेर दू?” वेळेत होईल ना तुझं? कपडे वाळत घालून बस गाठशील ना? सगळ्याला तेच. कुसुमावती म्हणे, “हिन्नेर!” आणि करून दाखवी. घरी नवरा, लक्ष्मण, उसाच्या कामाला निघताना विचारू लागला, “काय गो, रोट्या हिन्नेर?”

तिसऱ्या वर्षी गणपती बसले आणि सासूबाई म्हणाल्या, “थोरली सून तू. यंदा निरोपाची आरती तुझ्या हातची.”

कुसुमावतीचे पाय जमिनीला लागेनात. रजा मात्र तिने मागितली नाही. मादामकडे नेमके विसर्जनादिवशीच पाहुणे. “हिन्नेर दू?” मादामने विचारलं, आणि सवयीने जीभ बोलून गेली.

दोन वाजले तरी मासा ओव्हनमध्येच. मागच्या दाराशी धाकटी जाऊ बसंती उगवली, नव्या साडीत.

“वयनी, माणसं ताटकळलीत. सासूबाई म्हणतात, नाहीतर बसंती करील आरती. मला काय, मी तयार आहे!”

“दिसतंय ते,” कुसुमावती म्हणाली. तिने झारा ठेवला, दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली. “मादाम, हिन्नेर इंते.” नाही व्हायचं वेळेत.

तीन वर्षांत पहिल्यांदाच. मादामला वाटलं, हात भाजला. खरं कळल्यावर ती ओरडलीच, “मग सकाळी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतक्या विश्वासाने विचारता!”

मादाम खो खो हसली. स्वतःच्या कमरेला एप्रन बांधला, साहेबांना गाडी काढायला लावली, पाहुण्यांना मासा वाढून घ्यायला सांगितलं. बसंती मागे बसली.

घरी कुसुमावतीने दोन तांबे पाणी अंगावर घेतलं, ओल्या केसांनीच आरती धरली. ढोलकी कडाडली. अंगणाच्या कडेला साहेब टाळ्या वाजवत होते, तालाच्या पार बाहेर. सासूबाईंनी मोदकांचं ताट कुसुमावतीच्या हातात दिलं.

“हे त्या मादामला. आणि पुढच्या विसर्जनाची रजा आजच मागून ठेव.”