शोभा, मोटर बंद कर

आज सकाळी माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात जे झालं ते कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथं लिहितोय.

उमरीहून वहिनी आल्या. पेपरात गुंडाळलेला छोटा एलसीडी डिस्प्ले त्यांनी काउंटरवर ठेवला.

दादा, माझा मोठा भाऊ, जाऊन वर्ष होत आलं. त्यानं घरच्या पाण्याच्या टाकीला स्वतः एक यंत्र बनवून बसवलं होतं. टाकी भरली की या डिस्प्लेवर इंग्रजी अक्षरांत यायचं, 'शोभा, मोटर बंद कर'. शोभा म्हणजे वहिनीच. बाकीचा बोर्ड भंगारात गेला.

"भावजी, त्यांनी लिहिलेलं एकदा बघायचं हाय," वहिनी म्हणाल्या.

मागं कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. मीटर लावून ग्राउंडची पिन शोधली, पाच व्होल्ट दिले. लाइट लागली. कॉन्ट्रास्ट फिरवला, तर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन उठले. म्हणजे डिस्प्ले चांगला होता, पण त्याला काय दाखवायचं ते सांगणारं कुणी नव्हतं.

मला आधीच माहीत होतं. अक्षरं बोर्डात असतात, डिस्प्लेत राहत नाहीत. तरी मी दोनदा बंद करून चालू केलं.

मग खरं सांगितलं. म्हणालो, "तसंच लिहून देऊ का मी?"

"न्हाई. मग ते तुमचं बोलणं हुईल."

डिस्प्ले परत गुंडाळून त्या बसला गेल्या.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर खोलला.

तेव्हापासून एकच विचार करून राहिलो. "तासाभरानं या" म्हणून त्यांना बाजारात पाठवलं असतं आणि गुपचूप तीच अक्षरं टाकून ठेवली असती, तर त्यांना कधीच कळलं नसतं.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?