सिंधूच्या स्वेटरला कात्री

परीक्षक बाईंनी पर्समधून कात्री काढली, तेव्हा मला वाटलं, कुठेतरी लोंबणारा धागा कापायचा असेल. त्यांनी सिंधूचा नवाकोरा स्वेटर टेबलावर पसरला आणि बरोबर पोटावरचा एक टाका कापला.

मी खुर्चीवरून ताडकन उठले.

सत्तरच्या दशकात जरीपटका वस्तीत मी विणकामाचा क्लास चालवत असे. वर्षअखेरीला सर्टिफिकेटची परीक्षा व्हायची. ते हातात असलं की मुलीला शिकवायची नोकरी मागता यायची. सिंधू शहराबाहेरच्या वाडी गावाहून बस बदलून येई. वडील तिथल्या गोदामात हमाल. परीक्षेचा स्वेटर तिने त्यांच्याच मापाचा विणला होता.

"काहून कापला जी, मॅडम?" तिला एवढंच बोलता आलं.

"इतकं एकसारखं काम हाताचं नसतं. हा मशीनवरचा आहे."

"तिला इथे बसून विणायला सांगा ना," मी मध्ये पडले.

"चार ओळी कोणीही विणतं. विकतचे स्वेटर आणून पास झालेल्या मुली पाहिल्यात मी. हिने विणला असेल तर जोडूनही दाखवेल. आणि तुम्ही आता बोलायचं नाही."

बोलता बोलता त्या कापलेला धागा ओढत होत्या. अख्खी ओळ निघून आली. स्वेटरचे समोरून दोन तुकडे. विणकाम म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या कड्या. मधली ओळ गेली की वरच्या-खालच्या कड्या उघड्या पडतात, आणि जरा ताण बसला की भराभर सुटत जातात. मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. आणि मधोमध कापलेलं कसं जोडायचं, हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं.

सिंधूने पिशवीतून सुया काढल्या. तिने वरच्या कड्या एका सुईवर उचलल्या, खालच्या दुसरीवर. मग दोन्ही सुया शेजारीशेजारी धरल्या आणि उरलेली लोकर घेऊन तिसऱ्या सुईने वरचा नि खालचा टाका एकत्र विणत, बंद करत निघाली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ही तर खांदे जोडायची रीत!

परीक्षकांनी पोटावरची आडवी शिवण बोटाने चाचपली. "हे कुणी शिकवलं?"

"बाईंनी खांदे जोडाले शिकवलं होतं जी. मी पोट जोडलं."

त्या हसल्या नाहीत, माफी तर नाहीच. पण सिंधू पास झाली, पुढे वाडीत तिने स्वतःचा क्लास काढला. वडिलांनी तो शिवणीचा स्वेटर कित्येक हिवाळे घातला. शिवण पोटाला टोचते म्हणायचे, पण दुसरा घेतला नाही.

मी मात्र त्या वर्षापासून एक नेम केला. परीक्षेच्या आधी प्रत्येकीच्या स्वेटरला मीच कात्री लावायची. मुली किंचाळायच्या. किंचाळून झालं की मी सुया पुढे करत असे.