मॅडमसाठी फोडलेला रस्ता

आमच्या तांड्यानं एकदा स्वतःचाच नवा कोरा रस्ता कुदळीनं फोडला होता.

ज्यांच्यासाठी फोडला, त्या सुनंदा मॅडम आज सकाळी नांदेडला वारल्या.

आम्ही तिकडंच निघालोय. जीप वारंगा फाट्यावर उभी आहे, माणसं चहा घेऊन राहिली, तेवढ्यात मी हे टाइप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या. मराठीत पास झालो तेच खूप.

मॅडमच्या आधी आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर यायचे अन् जायचे. एकानं तर बॅगची चेनसुद्धा उघडली नाही.

म्हणून मॅडम आल्या त्याच दिवशी आमच्या नाईकबाबांनी, म्हणजे तांड्याच्या म्होरक्यांनी, तोंडावरच विचारलं,

"बाई, तुमी काहून आल्या इथं?"

"पैशासाठी," मॅडम म्हणाल्या. "अवघड गावात राहिलं की सरकार जादा भत्ता देतं. पुढं एमडीच्या ॲडमिशनला जादा मार्क देतं. तीन वर्षं राहणार, ते घेणार आणि जाणार."

काय सांगू! सगळे खूश! इतकं खरं बोलणारा डॉक्टर कुणी पाहिलाच नव्हता!

आणि मॅडम राहिल्या. रोज जाऊन-येऊन नाही, क्वार्टरमध्ये. विंचू चावो, ताप येवो, बाळंतपण असो, दार वाजवलं की मॅडम हजर.

मी एकदा बैल घेऊन गेलो. म्हणाल्या, "अरे, याचा डॉक्टर वेगळा असतो." मग म्हणाल्या, "बरं, दाखव पाय."

(तो बैल नंतर जवळा बाजारला विकला. लई गुणी होता. असो.)

मग रस्ता आला. फाट्यापासून तांड्यापर्यंत डांबर! मी माझी जीप काढून डिझेल संपेपर्यंत उगाच चकरा मारल्या.

दवाखान्यातला शिपाई म्हणाला, "नाचा, नाचा. रस्ता झाला म्हणजे गाव अवघड राहिलं न्हाई. उद्या साहेब लोक बघायला येऊन राहिलेत. भत्ता बंद, मार्क बंद, मॅडम बंद."

सगळा तांडा गार.

नाईकबाबा उठले. "आपल्या बापजाद्यांनी बैलावर मीठ लादून बिनरस्त्याचा मुलूख पालथा घातला. रस्ता नसला तर कसं चालायचं, हे आपल्याला कुणी शिकवायचं? काढा कुदळी!"

त्याच संध्याकाळी नाल्याजवळ रस्त्यात आडवा चर खणला. बाभळीच्या फांद्या टाकल्या. मी पण खणला. मजा आली, खोटं काहून बोलू?

मॅडमला कुणी काही सांगितलं नाही.

सकाळी साहेबांची पांढरी जीप चराच्या पलीकडं थांबली. नाईकबाबा बैलगाडी घेऊन तयार. "लई तकलीफ हाय साहेब, नाल्याच्या पुढं मोटार येतच न्हाई." साहेबांना गाडीत बसवून हळदीच्या वावरातून असं काही घुसळलं की साहेब म्हणाले, "खरंच अवघड आहे हो!"

जमलं होतं. शंभर टक्के जमलं होतं!

तेवढ्यात इकडं मॅडम धावत माझ्याकडं आल्या. "जीप काढ. नांदेडला न्यायचंय. मूल आडवं आहे."

बाज उचलून आणली. बाजेवर शांती. नाईकबाबांची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली.

जीप सुरू केली, पण गिअर टाकलाच नाही.

"मॅडम, रस्ता न्हाई."

"काल तर होता."

"फोडला."

"कुणी?"

"आमीच."

"काहून रे?" मॅडमच्या तोंडून पहिल्यांदाच आमचा शब्द आला.

"तुमी जाऊ नये म्हणून."

शांती ओरडली. मी ॲक्सिलरेटर दाबला.

चरापाशी पोचलो. बैलगाडी अजून वावरातच. नाईकबाबांनी लेकीचा आवाज ओळखला आणि कासरा टाकून पळत सुटले. बैल उभे, साहेब गाडीत उभे.

बाज जीपमध्येच आडवी टाकली होती. ती काढली, शांतीला वर निजवलं आणि आम्ही चरात उतरलो. बाज डोक्याच्या वर. एका बाजूला नाईकबाबा, रडत, स्वतःलाच शिव्या देत. दुसऱ्या बाजूला, चिखलात बुटासकट, मोठे साहेब!

पलीकडं साहेबांचीच जीप होती. शांतीला तिच्यात घातलं. मॅडम शेजारी बसल्या.

साहेब म्हणाले, "मॅडम, चराच्या त्या बाजूलाही सगळं डांबर दिसतंय..."

"रस्ता आहे साहेब. पक्का आहे. तसंच लिहा."

"तुमचा भत्ता जाईल. मार्क जातील."

"माहीत आहे. ड्रायव्हर, चला!"

त्या डांबरावरून ती जीप अशी गेली, अशी गेली!

शांती वाचली. पोरगी झाली. ती पण वाचली.

मॅडम परत आल्या तेव्हा चर बुजवलेला होता आणि नाईकबाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. पागोटं मांडीवर.

"आता तुमी जाणार, बाई."

"क्वार्टरची टाकी गळते," मॅडम म्हणाल्या. "संडासला दार नाही. पावसाळ्यात भांडी लावून झोपते मी. मला ठेवायचंच होतं तर कुदळी तिथं आणायच्या होत्या."

"आधी काहून न्हाई सांगितलं?"

"कुणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी क्वार्टरवर अख्खा तांडा चढला होता! पत्रा, टाकी, दार, सगळं नवं. दाराला मी निळा रंग दिला. हात लावू नका सांगितलं होतं तरी मॅडमनी लावला.

भत्ता बंद झाला. मॅडम तरी राहिल्या, बोलल्या होत्या त्याच्यापेक्षा जास्त. मग अभ्यास करून, जादा मार्कांशिवाय, एमडीला गेल्या. सांगून गेल्या, सगळ्यांकडं जेवून गेल्या.

चर होता तिथं अजून डांबराचं ठिगळ आहे. जीप तिथं जराशी उडते. रोज मागून शिव्या येतात.

आज उडाली, तर सगळे गप्प.

शांतीच्या पोरीनं विचारलं, "मामा, हितंच का?"

"व्हय. हितंच."

नाईकबाबा पुढच्या सीटवर होते. एवढंच म्हणाले, "हळू घे."

चहा झाला. निघतो.

मॅडम, सगळ्या तांड्याचा रामराम.

सावकाश जा. आता कुणी अडवत न्हाई.