उणे अठरा

महारुद्र परभणीला नेमकं काय काम करतो हे त्याच्या पिंगळी गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "आगीच्या पाण्याचं गणित करतात," एवढं म्हणून त्याची बायको सुमंगला मोकळी व्हायची. आणि तिचं चुकीचंही नव्हतं. मोठ्या गोदामांच्या छताला पाइप असतात, पाइपांना अंतराअंतरावर तोट्या. आग लागली की वरची तोटी तापून आपोआप उघडते आणि खाली फवारा सुटतो. सगळ्यात लांबच्या तोटीपर्यंत पुरेसा दाब पोचेल का, त्यासाठी कुठला पाइप केवढा घ्यायचा, हे आधी कागदावर काढावं लागतं. वसमत रोडवर मार्तंडरावांचं नकाशांचं ऑफिस आहे, तिथं बसून महारुद्र वीस वर्षं हेच करत आलाय.

गडी हुशार, यात कुणी शंका घेऊ नये. नुसता नकाशा बघून दाब सांगायचा आणि कॉम्प्युटर मागाहून तोच आकडा दाखवायचा. पण हुशार माणसाला एक रोग जडतो बघा, तो यालाही जडला होता. कुणी विचारलं तर तहानभूक विसरून शिकवील. कुणी सांगायला गेलं की कपाळाला आठी!

राजेश्री तीन वर्षं त्याच्या हाताखाली होती. पालमची पोरगी, डिप्लोमा झालेली. तिचे वडील सिताराम पालमला जळालेल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करून देतात. पोरगी परभणीला एकटी कशी राहील म्हणून ते अडून बसले, तेव्हा महारुद्र स्वतः एसटीनं पालमला गेला होता. "माझ्या जबाबदारीवर पाठवा," म्हणाला होता. सितारामनं त्याला टॉवेल-टोपी केली, हातात नारळ दिला आणि सोमवारी पोरीला बसमध्ये बसवून दिलं. पोरीनंही नाव काढलं. महारुद्र चारचौघांत सांगायचा, "माझी तयार केलेली हाय."

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीकडून काम आलं. हिमाचलात, डोंगरातलं सफरचंदांचं गोदाम. तिथं हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून नुसतं पाणी भरून चालत नाही. गिलिसरीन घातलेलं, न गोठणारं मिश्रण भरावं लागतं. ते गोठत नाही हे खरं, पण थंडीत काकवीसारखं दाटतं, आणि दाटलं की पुढं सरकायला जास्त जोर मागतं. म्हणून त्याच्या गणितात एक जास्तीचा रकाना असतो: तिथलं कमीत कमी तापमान किती. साध्या पाण्याच्या गणितात हे कुणी विचारतच नाही. वीस वर्षांत महारुद्रनं तो रकाना एकदाही भरला नव्हता.

राजेश्रीनं कंपनीच्या कागदात बघून तिथं उणे अठरा टाकलं. गणित करून बघते, तर शेवटच्या ओळीतला पाइप दोन नंबर मोठा यायला लागला. तिनं दोनदा तपासलं आणि कागद छापून महारुद्रपुढं ठेवला.

बाहेर बेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. महारुद्रनं घाम पुसत कागद बघितला आणि हसायलाच लागला.

"अगं, एवढा मोठा पाइप कोन टाकायलाय? लोक हसतील आपल्याला."

"पन सर, तिथली थंडी उणे अठरा हाय. ते मिश्रण लय दाट होतंय म्हणे. कंपनीनं तक्ता पन दिलाय."

"तक्ते मला नको शिकवू. न गोठणारं हाय ना? गोठत न्हाई म्हंजे वाहतं. संपला विषय."

त्या ऑफिसची एक रीत होती. तपासणाऱ्यानं लाल पेनानं नुसती खूण करायची, आकडा स्वतः बदलायचा नाही. आकड्याचा धनी गणित करणारा. ही रीत महारुद्रनंच घालून दिलेली. पण त्या दुपारी तो तिच्या खुर्चीमागून वाकला, उणे अठरा खोडून आपल्याकडच्या हवेचं सत्तावीस टाकलं, आणि पाइप लगेच नेहमीसारखा लहान झाला. "बघ, आता कसं शहाण्यावानी आलं!" तो म्हणाला. कागदाखाली 'गणित: राजेश्री, तपासणी: महारुद्र' अशी नावं पडली आणि कागद पुण्याला गेला.

आता परभणीच्या माणसाला थंडी ठाऊक नाही म्हणावं, तर तसंही नाही हो. जानेवारीत इथला पारा पाचाच्या खाली उतरतो आणि पेपरात परभणीचं नाव झळकतं. त्या जानेवारीत तर सुमंगला खोबरेल तेलाची बाटली रोज अंगणात उन्हाला ठेवायची. महारुद्रला घाई. तो सकाळीच बाटली उलटी करून तळहातावर आपटायचा, थेंब येत नाही म्हणून चिडायचा आणि कोरड्या डोक्यानं ऑफिसला जायचा. आणि हाच शहाणा म्हणाला होता, गोठत नाही म्हणजे वाहतं!

अशाच एका सकाळी पुण्याहून फोन आला. मार्तंडरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"चाचणी घेतली काल," पुण्याचे साहेब बोलत होते. "शेवटच्या तोटीला पाहिजे त्याच्या निम्मासुद्धा दाब नाही. फवारा कसला, थेंबथेंब गळतंय. खाली साठ बायका सफरचंदं भरायला बसतात, आग लागली असती म्हणजे? अख्खी ओळ उतरवावी लागणार आता. तुमच्या कागदावर कमीत कमी तापमान सत्तावीस लिहिलंय. हिमाचलात? हे टाकलं कुणी?"

महारुद्रला त्याच क्षणी सगळं कळलं. 'मी टाकलं,' दोन शब्द म्हणायचे होते. वीस वर्षं मिळवलेला मान त्या दोन शब्दांच्या आड आला. त्यानं समोरच्या नकाशात मान घातली.

मार्तंडरावांनी कागद काढला आणि रीतीप्रमाणे पहिलं नाव वाचलं. "राजेश्री? अगं, एवढं साधं कसं चुकलं?"

राजेश्रीनं महारुद्रकडं बघितलं. एकदा बघून मान वळवली असती तर बरं झालं असतं, पण ती बघतच राहिली. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"चुकलं, साहेब," ती शेवटी मार्तंडरावांना म्हणाली.

मार्तंडराव वाईट माणूस नाही. पण पुण्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी राजेश्रीला कामावरून कमी केलं. शनिवारी ती डबा, छत्री आणि वही पिशवीत भरून निघाली आणि रोजच्यासारखी महारुद्रच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "येते, सर." त्यानं मान हलवली.

पुढचे आठ दिवस लाज त्याला खात होती. ऑफिसात कुणी नसताना त्यानं त्या रकान्यात उणे अठरा टाकून गणित केलं. राजेश्रीचंच उत्तर आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. घरी ताटावर बसला की घास फिरायचा. सुमंगलानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा दटावलं, तेव्हा त्यानं एकदाचं सांगितलं.

"त्या लेकराला आणायला तुमीच गेला होताव ना पालमला?" ती म्हणाली. "मग आता बी तुमीच जावा."

रविवारी तो गेला. गंगाखेडला बस बदलली आणि दुपारी पालमला उतरला. स्टँडवरून सितारामचं दुकान जवळच होतं.

दुकानात एक गिऱ्हाईक मोटार घेऊन बसलं होतं. राजेश्री फरशीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होती. त्याला बघून ती उठली आणि आत चहा टाकायला गेली.

"या सर, या! बसा सर!" सितारामनं घाईघाईनं स्टूल पुसलं. मग हात जोडून उभेच राहिले. "सर, मीच येनार होतो माफी मागायला. तुमी पोटच्या पोरीवानी शिकवलं, अन तिनं तुमचं नाव घालवलं. मला तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली, सर."

महारुद्रला वाटलं, या माणसानं त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सुखानं खाल्ल्या असत्या. तेवढ्यात सितारामनं फळीवरून नवा टॉवेल आणि टोपी काढली. "आमच्याकडून चुकलंय, रिकामं नका जाऊ, सर," म्हणत ते पुढं आले.

महारुद्रनं त्यांचा हात धरला. "नका, दादा. मला नका करू हे. आकडा तिचा बरोबर होता. मी खोडला. माझ्या हातानं खोडला. अन फोन आला तवा गप बसलो."

गिऱ्हाइकानं मान वर केली. सितारामचा हात टॉवेलासकट तसाच राहिला. आत भांड्याचा आवाज थांबला.

राजेश्री बाहेर आली. हातात चहा नव्हता, वही होती. वहीतून तिनं घडी घातलेला कागद काढून स्टुलावर ठेवला. उन्हाळ्यातला तो पहिला कागद. तारीख होती, उणे अठरा होतं, मोठा पाइप होता.

"हा तुझ्याजवळ होता?" महारुद्रनं विचारलं. "मग त्या दिवशी दाखवला का न्हाईस?"

"तुमी बोलताल म्हणून थांबले होते, सर."

त्यानं तिथंच, गिऱ्हाइकासमोर, मार्तंडरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग मार्तंडराव म्हणाले, "फोन तिला दे." राजेश्री फोन घेऊन रस्त्याच्या कडेला गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "उद्यापासून ये म्हणाले," तिनं वडिलांना सांगितलं आणि खाली बसून राहिलेली तार गुंडाळायला लागली.

सितारामनं टॉवेलाची घडी नीट केली, त्यावर टोपी ठेवली आणि दोन्ही परत फळीवर ठेवून दिलं. मग मोटारीचं झाकण उघडत, वर न बघता म्हणाले, "गंगाखेडची बस पाचाला हाय, महारुद्रराव."

सर म्हणाले नाहीत.