पुळणीवरची भाऊबीज

अंकुशमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरूच्या बनात होते. समुद्राकाठच्या आमच्या या राखीव जंगलात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त वाळूच्या सगळ्यात उंच टेकडीवर, त्यामुळे मामी सकाळपासून लावत होती तो फोन मला दुपारी लागला. "शोभे, तुझा मामा गेला गं..." एवढंच ती बोलली, मग शेजारच्या कुणीतरी फोन घेतला. पहाटे छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझी गस्त अर्ध्यावर आली होती. मागे फिरले काय आणि पुढे गेले काय, चालायचं तेवढंच होतं. मी पुढे गेले. जालन्याला पोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता, आणि मामांचं तोंड बघायचं राहून गेलं.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमचं गाव जाफराबादकडचं, घरी शेती. कॉलेजसाठी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जालन्याला मामांच्या दोन खोल्यांत ठेवलं. मामा एमआयडीसीत, लोखंडी सळया काढणाऱ्या मिलमध्ये कामाला. भट्टीतून निघालेली लालबुंद कांब चिमट्याने धरून पुढच्या रुळांत घालायची. घरी आले की कुणाशी न बोलता आधी पाय पाण्याच्या बादलीत घालून बसायचे. पाय थंड झाले की मग माणूस बोलायला लागायचा, आणि एकदा लागला की थांबायचा नाही. मी वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरला तेव्हा सगळे हसले. त्या भरतीत ठरलेल्या वेळात लांबचं अंतर चालून दाखवावं लागतं, ते कळल्यावर मीच घाबरले. मामा म्हणाले, "चालायचंच हाय ना? मंग रडून काय राह्यलीस? ऊठ." त्यानंतर मामांना मिलमध्ये सकाळची पाळी नसेल त्या दिवशी पहाटे अंबडच्या रस्त्याने आम्ही दोघं. मामा पुढे, मी मागे, ट्रकच्या धुळीत. मी धावायला लागले की मागे न बघताच म्हणायचे, "जल्दी न्हाई करायची. दम शेवटपर्यंत पुरला पायजे." मी पास झाले, आणि मामांनी गल्लीत पेढे वाटले.

अण्णांना वाटलं होतं, नेमणूक फार तर अजिंठ्याच्या डोंगरात होईल. झाली ती थेट कोकणात, समुद्राला लागून. तिथे एकटी मुलगी राहणार, जंगलात फिरणार... अण्णांचा जीव धास्तावला आणि त्याचा राग झाला. मी निघून आले, त्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी भोकरदनकडचं एक स्थळ ठरवलं. मुलाला नोकरी करणारी बायको नको होती. अण्णांनी मामांना बोलावून सांगितलं, "तिला चालाया तू शिकवलंस. आता तूच घेऊन ये."

पावसाळा नुकताच सरला होता. मामा दोन गाड्या बदलून सकाळी माझ्या क्वार्टरशी उतरले, हातात एक पिशवी, डोळे जागरणाने लाल. मी गस्तीला निघाले होते. म्हटलं, "मामा, तुम्ही पडा जरा, मी संध्याकाळपर्यंत येते." ते म्हणाले, "मी काय झोपाया आल्तो व्हय इतक्या दूर? चल." चहासुद्धा पुरता घेतला नाही. सुरुवातीचा रस्ता दाट झाडीतला. ऐन, किंजळ, जांभूळ, वर फांद्यांचं छत, खाली ओला पाचोळा. उघड्या माळावर वाढलेला माणूस, सारखा मान वर करून बघत होता. "इथं आभाळच दिसून न्हाई राह्यलं," म्हणाले. एक शेकरू डोक्यावरून उडी मारून गेलं तर लहान मुलासारखे थांबले. येण्याचं कारण दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं.

झाडी संपून वाळूच्या टेकड्या लागल्या. या टेकड्यांवर मर्यादवेल पसरते. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते, म्हणून तिथली वाळू कुणी नेऊ नये असा नियम. त्या दिवशी तिथे एक टेम्पो उभा होता आणि तिघेजण फावड्यांनी वाळू भरत होते. मी पुढे होऊन सांगितलं, वाळू खाली टाका. ते हसले. काम चालूच. मी टेम्पोचा नंबर लिहून घेतला आणि टेम्पोसमोर उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. त्यांच्यातला वयस्क होता तो माझ्याशी बोलेना. मामांकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, मुलगी काय तुमची? घेऊन जा की घरी. हे काय बायकांचं काम आहे?"

मला वाटलं, ते आता हो म्हणतील... तेच सांगायला तर आले होते. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. भट्टीसमोर वर्षानुवर्षं भाजलेले ते हात त्यांनी पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "ती ड्युटीवर हाय. ती म्हणंल तवा जाईल. तुमी वाळू टाका बराबर जिथली तिथं."

तिघे बराच वेळ आपसांत बोलले, शिव्याही घातल्या, पण शेवटी टेम्पोचा मागचा फाळका उघडून वाळू खाली ओतली. टेम्पो गेल्यावर मामा खाली बसले आणि उखडलेल्या वेलीच्या मुळांवर ओंजळीने वाळू लोटत राहिले. मी "चला" म्हटलं तरी उठले नाहीत.

मग समुद्र. वाळूच्या किनाऱ्याला इथे पुळण म्हणतात. भरती ओसरत होती, पुळण लांबवर मोकळी. मामांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, पण पाण्यात काही गेले नाहीत. कोरड्या वाळूत बसून ऐकत राहिले. मग विचारलं, "हे रातचंबी असंच आवाज करतं?"

"हो."

"मंग तुला झोप येती?"

"आधी येत नव्हती. आता येते."

"मिलचंबी तसंच असतं," ते म्हणाले. "पयल्या महिन्यात झोप न्हाई. मंग आवाज बंद पडला की जाग येती." आणि वाळू झटकत उठले. मी हळूच विचारलं, "मामा, त्या स्थळाचं..." ते चालायलाच लागले होते. दुसऱ्या दिवशी एकटेच परतले. ते गाडीत बसत असताना मी विचारलं, अण्णांना काय सांगाल? तर म्हणाले, "ते माझं काम हाय."

त्या दिवाळीत ते पुन्हा आले, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मोसंबीने भरलेली पिशवी घेऊन. दिवाळीत किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते, मला रजा नसायची. म्हणाले, "तुझी माय तिकडं, तू इकडं. मंग तूच ओवाळ." मी हसत हसत ओवाळलं, त्यांनी ताटात एक मोसंबं ठेवलं. पुढे दर वर्षी भाऊबीजेला मामा इथेच. ओवाळून झालं की डबा घेऊन दिवसभर चालायचं, झाडीतून टेकड्यांवर, टेकड्यांवरून पुळणीवर. त्यांना भरती-ओहोटी कळायला लागली, समुद्री गरुडाचं घरटं माझ्याआधी त्यांना दिसायला लागलं. मला वाटायचं, मामांना समुद्राचं वेड लागलं. मी लग्न केलं नाही, ते राहूनच गेलं. त्याबद्दल मामांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मामा नव्हते. नवरदेवामागे मामा उभा राहतो, तिथे आईचा चुलतभाऊ उभा होता. अंकुशमामांना कावीळ झाली आहे, असं घरी मला सांगितलं गेलं. पुढच्या दिवाळीत मी विचारलं, "कावीळ बरी झाली ना?" "कावीळ? ...हां, झाली." मग मामा म्हणाले, "लग्नाचं सांग." आणि सबंध वाट मला सांगायला लावलं. फेटा कोणत्या रंगाचा होता, बाई रडली का... बाई म्हणजे माझी आई. "तिला कोन धरून व्हतं?" असंही विचारलं. मला वाटलं, आजारपणात लग्न हुकल्याची हळहळ आहे.

खरं काय ते मला मामा गेल्यावर जालन्यात कळलं. तिसऱ्याच्या दिवशी मामीने मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. पहिल्या खेपेला इथून परतल्यावर मामा सरळ अण्णांपुढे गेले आणि म्हणाले, "पोरगी येत व्हती. मीच तिला म्हणलं, येऊ नको." अण्णांनी त्यांना त्याच पावली बाहेर काढलं. त्या दिवाळीत मामा भाऊबीजेला बहिणीच्या दारात गेले, तर अण्णा उंबऱ्यात उभे राहिले. आई आतच राहिली. "मोसंबीची पिशवी तशीच घिऊन आलते," मामी म्हणाली. "मला म्हणले, शोभीकडं जातो."

अण्णा तिसऱ्याला आले होते. बाहेर ओट्यावर, लोकांपासून जरा लांब बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी तांब्या हातात तसाच धरून विचारलं, "शोभे, खरं सांग. त्यानं तुला येऊ नको म्हणलं व्हतं?"

"न्हाई अण्णा. मामा मला काहीच बोलले न्हाईत. मीच येणार नव्हते."

"मंग त्यो खोटं का बोलला?"

दारात आई उभी होती. अण्णांपुढे तिला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमचा राग पोरीवर ऱ्हाऊ नये म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. अण्णांनी हातातला तांब्या तोंडाला लावला.

गेल्या आठवड्यात अण्णा आणि आई इथे आले, न सांगता. अण्णांचे गुडघे आता धड नाहीत. झाडीतून चालणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांना गाडीवाटेने टेकडीखाली नेलं आणि हात धरून पुळणीवर उतरवलं. पाण्याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. "अंकुश कुठं बसायचा?" त्यांनी विचारलं. वादळात पडलेल्या सुरूचा एक ओंडका आहे, तो मी दाखवला. आई जाऊन त्यावर बसली आणि हाताने लाकूड चाचपत राहिली. अण्णा बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, समुद्राकडे तोंड करून तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "वारा लई हाय गं इथं."