उंबऱ्यावर बसू नये

उंबरठ्यावर बसू नये हे लहानपणापासून माहीत असूनही मी बसलो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, ते बघायला गेलो होतो. भेगाळलेल्या गाळात एक लांबट घडीव दगड दिसला. तो कशाचा याचा विचार न करता त्यावर टेकून मी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली उघडली.

तिथेच गाळ चाचपत फिरणारी एक म्हातारी थांबली. "ऊठ बाबा, उंबऱ्यावर बसत्यात का?"

मी हसलो. "आजी, घर कुठंय?"

"हे काय तुझ्या पाठीमागं. सोपा, माजघर. परसात लिंब हुता."

मागे नुसता गाळ होता.

बाटलीतलं पाणी याच धरणाचं होतं. धरण झालं आणि माझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. ते धरण नको होतं, असं मला आजही म्हणवत नाही. पण आमच्या नळाला येणारं पाणी कुणाच्या तरी माजघरात साठलेलं असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी उठून बूट काढले.

"आता आलायस तर आत ये की," ती म्हणाली.

माझं पाऊल उचलेना. वाकून उंबऱ्याला हात लावला.

"चुकलो, आजी. हसायला नको होतं."