बसल्या बैलाची ढेप

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळची गोष्ट. बाबा बैलगाडीवरून पडले, मांडी मोडली. अकोल्याच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घातला आणि ते पडवीतल्या बाजेवर आडवे झाले. मी अमरावतीच्या कॉलेजातून सुट्टीला आलो, तरी हाड जुळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न जाऊ द्या.

बाबा मात्र चतकोर भाकरीवर ताट सारायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात औत थांबलं की बैलांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, बंद, नुसता कडबा. तोच कायदा त्यांनी स्वतःला लावला.

"बसल्या बैलाले ढेप कायले पाह्यजे? मी का काम करून राह्यलो?"

माझं डोकंच फिरलं. नुसतं पडून राहिलं तरी शरीर आतून जळतच असतं, आणि किती जळतं त्याचा अंदाज वजन, उंची, वय यांवरून काढता येतो, हे मी नुकतंच शिकलो होतो. उंची बाजेवरच सुतळीनं मोजली. पाय दाखवायला अकोल्याला नेलं तेव्हा जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या काट्यावर त्यांना बाजेसकट चढवलं. प्लास्टरचं किती वजा करायचं, यावर हमालांत भांडण जुंपलं. वय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"लिही पन्नास," माय म्हणाली. "भांडायले तर अजून तिशीतलेच आयेत."

हिशेब जुळला. मी बाजेशी बसलो. "बाबा, औत हाकताना जेवढं लागते ना, त्याच्या निम्मं नुसतं पडून राह्यलं तरी लागते. काळजाले काय सुट्टी असते?"

बाबा गोठ्याकडे बघत राहिले. बैल रवंथ करत होते, बरगड्या हलत होत्या.

"मंग त्याइचं बी काळीज चालतच असन," ते हळूच म्हणाले. "इतके उन्हाळे मी त्याइले उपाशीच ठेवलं म्हना."

त्यांचे डोळे भरून आले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मायनं ताट आणलं, ते त्यांनी सरकवलं. सगळी मेहनत पाण्यात गेली, असं मला वाटलं.

"पयले ढेप भिजव," ते मला म्हणाले.

ढेप भिजायला वेळ लागतो. मायनं ताट झाकून ठेवलं. त्या ओल्या ढेपेचा वास अजून माझ्या नाकात आहे. दिवस कलल्यावर मी घमेलं गोठ्यात नेलं. बैलांनी घमेलं चाटून पुसून काढेपर्यंत बाबा बाजेवरून मान उचलून बघत होते.

मग मायकडे वळून म्हणाले, "आन आता. पुरी भाकर आन."